लस टोचताना बाळाला अंगावर पाजणं : अनुभव, शंका आणि युक्त्या

सोनचाफा

सरकारी वेळापत्रकानुसार दीड महिन्याच्या बाळाला एका खेपेत तीन सुया टोचतात. डाव्या मांडीत पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही आणि उजव्या दंडात पोलिओची एफआयपीव्ही. तोंडावाटे पोलिओचे दोन थेंब आणि रोटाव्हायरसची लस वेगळी. साडेतीन महिन्यांचं झालं की पुन्हा हीच यादी. मधल्या अडीच महिन्यांच्या खेपेला पेंटाची एकच सुई असते, तेवढीच काय ती सूट.

आणि या सगळ्यात बाळाचं रडं थोपवायला आपल्याकडे काय असतं? खुळखुळा, सिस्टरांचं "झालं झालं", आणि सुई निघाल्यावर "घ्या, आता पाजा".

या "आता पाजा"बद्दल हा धागा आहे. पाजायचंच आहे तर सुईच्या आधी का नाही? बाळ छान ओढायला लागलं की टोचायचं, टोचताना पाजणं चालू ठेवायचं, नंतरही काही मिनिटं तसंच राहू द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाच्या वेदनेवर २०१५ मध्ये जी भूमिका मांडली त्यात हे स्पष्ट म्हटलंय : आई अंगावर पाजत असेल तर लस देताना किंवा देण्याच्या थोडं आधी पाजावं. २०१६ चा कॉक्रेनचा (जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा आहे, दहा अभ्यास आणि १०६६ बाळं, वय एक ते बारा महिने. पाणी दिलेल्या किंवा काहीच न दिलेल्या बाळांपेक्षा अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं सरासरी ३८ सेकंदांनी कमी भरलं. आकडा छोटा वाटतोय? घड्याळ लावून ३८ सेकंद बाळाचं किंचाळणं ऐकून बघा.

खर्च शून्य, औषध नाही, यंत्र नाही. तरी माझ्या ओळखीतल्या किती जणींना हे कोणी सांगितलं असं विचारलं, तर जवळजवळ कुणालाच नाही. मी माझ्या लेकीच्या वेळी करते आणि फरक दिसतो, पण माझ्या एका बाळावरून जगाला सांगण्यात अर्थ नाही. म्हणून विचारतेय. तुमच्याकडे करू दिलं का? कसं बसलात? कुणी अडवलं का?

टिकटिक

वाचतेय. आमची दीड महिन्याची पुढच्या आठवड्यात आहे आणि आत्तापासून पोटात गोळा आलाय.

धांदरट_बाबा

चांगला विषय. पण एक शंका. बाळाच्या तोंडात दूध आहे, तेवढ्यात सुई टोचली, बाळाने दचकून जोरात श्वास घेतला तर दूध श्वासनलिकेत जाणार नाही का? बायको याच भीतीने नको म्हणते. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच : दूध पिताना दुखवलं की बाळ अंगावर प्यायचं सोडतं. दोन्हींवर कुणी जाणकार बोलेल का?

काळीमैना

धांदरट_बाबा, तुमच्या सासूबाई आणि माझ्या सासूबाई एकाच वर्गात होत्या बहुतेक. :)

कानटोपी_डॉक्टर

मी बालरोगतज्ज्ञ आहे, विदर्भात दवाखाना आहे. दोन्ही शंका रोज ऐकतो.

ठसक्याची : सुई टोचली की बाळ काय करतं ते नीट बघा. ते आधी ओढायचं थांबतं, तोंड उघडतं, स्तन सोडतं आणि मग रडतं. रडताना ओढणं आणि गिळणं थांबलेलं असतं. कॉक्रेनच्या त्या आढाव्यातल्या अभ्यासांमध्ये पाजल्यामुळे काही अनिष्ट घडल्याची नोंद नाही. तरी काळजी म्हणून बाळाला सपाट आडवं न ठेवता डोकं पोटापेक्षा थोडं वर ठेवायचं, आणि रडायला लागलं तर स्तन तोंडात कोंबायचा नाही. दोनचार हुंदके झाले की ते स्वतःच शोधायला लागतं, तेव्हा द्यायचा. ज्या बाळांना गिळायचाच त्रास आहे, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार आहे, त्यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

सासूबाईंची : बाळ सुईचा राग स्तनावर काढतं असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. दिवसातून आठदहा वेळा जिथे पोट भरतं, ऊब मिळते, झोप लागते, ती जागा एका टोचण्याने वाईट ठरत नाही. आणि जरा विचार करा, सुईनंतर लगेच पाजायला सगळेच सांगतात ना? मग तेव्हा कसं नाही बाळ दूध सोडत?

का उपयोग होतो, तर एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात. चोखण्याची क्रिया स्वतःच शांत करते. आईच्या अंगाला अंग लागलेलं असतं, तिचा वास असतो, दुधाची गोडी असते आणि बाळाचं लक्ष गुंतलेलं असतं. यातलं प्रत्येक थोडंथोडं काम करतं, पण अंगावर पाजताना ते सगळं एकत्र मिळतं. म्हणूनच बाटलीत काढून आणलेलं दूध तेवढा परिणाम दाखवत नाही. २००२ साली 'पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात नवजात बाळांवरचा अभ्यास आला होता. टाचेतून रक्त घेताना अंगावर पिणाऱ्या बाळांचं रडणं ९१ टक्क्यांनी आणि चेहरा वेडावाकडा करणं ८४ टक्क्यांनी कमी झालं होतं. लसीच्या सुईत इतका मोठा फरक अपेक्षित धरू नका, लस आत गेल्यावर स्नायूत झोंबते. पण फरक पडतो. तुर्कस्तानात दोन ते चार महिन्यांच्या ६६ बाळांवर झालेल्या अभ्यासात पाजलेली बाळं सरासरी ३६ सेकंद रडली आणि न पाजलेली ७६.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण हे जरा अति होतंय. एक मिनिट रडतं बाळ, दुसऱ्या मिनिटाला हसतं. त्याला आठवतही नाही. आमच्या पिढीने कोणती वेदना-निवारण योजना राबवली होती? सुई टोचायची, घरी यायचं. आता सुईसाठी पण संशोधन.

सोनचाफा

आठवत नाही म्हणून दुखू द्यायचं? भूल दिलेल्या माणसालाही ऑपरेशन आठवत नाही, आणि तरी भूल देतातच ना.

कानटोपी_डॉक्टर

स्पष्टवक्ता, तुमच्यासारखंच मत एके काळी वैद्यकशास्त्राचंही होतं. नवजात बाळाच्या नसा पुरत्या तयार नसतात, त्याला खरं दुखत नाही, असं मानून १९८० च्या दशकापर्यंत कमी दिवसांच्या (वेळेआधी जन्मलेल्या) बाळांची मोठी ऑपरेशनं अगदी नावापुरती भूल देऊन व्हायची. स्नायू सैल करणारं औषध दिलं की बाळ हलत नसे, आणि हललं नाही म्हणजे दुखत नाही असा हिशोब. हे चुकीचं आहे हे दाखवणाऱ्यांत पुढे होते डॉ. कन्वलजीत सिंग आनंद. इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलेले, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले. १९८७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की कमी दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. ज्या बाळांना दिलं नव्हतं त्यांचं शरीर आतून भयंकर झगडत होतं, बाहेरून मात्र शांत.

ऑपरेशन आणि लस यांची बरोबरी करत नाहीये. पण "बाळाला काय कळतंय" हे वाक्य कुणी उच्चारलं की मला हे आठवतं.

दुसरं, लसीच्या वेळच्या किंचाळण्याने बाळापेक्षा आई जास्त हादरते. पुढची तारीख "जरा सर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू" म्हणून पुढे जाते ती बहुतेक यातूनच. पुढे गेलेली तारीख हा खरा धोका. डांग्या खोकला तान्ह्या बाळासाठी जीवघेणा असतो आणि तो तुमच्या सर्दीसाठी थांबत नाही.

जुनी_पिढी

माझं वय सत्तरीच्या पुढे. माझ्या दंडावर देवीचे दोन वण आहेत, नव्या पोरांना ते काय आहे तेही माहीत नसतं. देवी टोचणारा गावात आला की बायका पोरांना कणगीमागे लपवायच्या. का लपवायच्या? कोप होईल हे एक, आणि पोर रडेल हे दुसरं. तेव्हा माझ्या आजीने काय केलं असेल तर मला मांडीवर घट्ट धरून ठेवलं. तिला कुठला अभ्यास माहीत नव्हता. तेव्हा स्पष्टवक्ता, "आमच्या पिढीने" असं सरसकट म्हणू नका, पोराला धरून बसणाऱ्या बायका सगळ्या पिढ्यांत होत्या.

जाता जाता, विषयांतर. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली ती मुंबईतच, १४ जून १८०२ ला, अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या फोडातली लस पुढे पुण्याला आणि इतर ठिकाणी गेली. ती रडली का हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

काळीमैना

आजी, दंडवत.

उपकेंद्र_ताई

मी एएनएम आहे, म्हणजे उपकेंद्राची सिस्टर, पश्चिम महाराष्ट्रात. महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत सत्र घेते. इथे सगळे आईच्या बाजूने लिहितायत, आता टेबलाच्या पलीकडून पण ऐका.

माझ्यासमोर एका दिवशी वीसपंचवीस लेकरं असतात. आशाताई यादी घेऊन घरोघर फिरून त्यांना गोळा करते. माझ्याकडे एक टेबल, लसीचा कॅरिअर, एक खुर्ची. ती खुर्ची माझी. आई उभीच असते, नाहीतर पायरीवर. शेजारी ग्रामपंचायतीची चार माणसं उभी असतात, एकजण फोटो काढत असतो. अशा ठिकाणी नवी बाळंतीण पदर सोडेल का? मी "पाजा" म्हटलं तरी ती लाजून नुसतं बाळाला छातीशी धरते. तेव्हा "सिस्टर करू देत नाहीत" एवढंच म्हणून सोडू नका.

तरी मी आता करून घेते. कसं ते लिहिते, कुणाला कामाला येईल.

खोलीच्या कोपऱ्यात भिंतीलगत एक चटई टाकायला अंगणवाडी सेविकेला सांगितलंय. मध्ये जुनी साडी बांधली की झाला आडोसा. आईने पाठ भिंतीला टेकून नीट बसायचं, पाय लांब किंवा मांडी घालून, जसं तिला सोपं. आधी थेंब. पोलिओ आणि रोटा दोन्ही तोंडाच्या लसी आधी द्यायच्या, बाळाने गिळलं की मग पदराखाली घ्यायचं. रोटाची लस गोडसर असते, तिचाही सुईच्या आधी थोडा फायदा मिळतो असं आम्हाला सांगितलेलं आहे.

आता बाजू. आईच्या डाव्या अंगाला बाळ घेतलं की त्याची डावी मांडी वर येते. पेंटा डाव्या मांडीत, म्हणजे सुरुवात डावीकडून. मग बाळ उजव्या अंगाला घेतलं की उजवी मांडी आणि उजवा दंड वर येतो, पीसीव्ही आणि एफआयपीव्ही तिथेच द्यायच्या. बाजू बदलताना मध्ये बाळ जरा कुरकुरतं, थांबायचं, परत लागू द्यायचं. गर्दी असली तर मी बाजू बदलायला लावत नाही, आई जरा मागे रेलली की दोन्ही मांड्या हाताला येतात.

कपडे आधीच सैल करून ठेवा. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. दुपट्यात करकचून बांधलेलं, खाली लंगोट, वर चड्डी, त्यावर पायमोजे. ते सोडवता सोडवता बाळ रडायला लागतं आणि मग सुईचा दोष. मांडी उघडी पाहिजे, बाकी अंग झाकलेलं चालेल. झबलं असं घाला की दंड बाहेर काढता येईल.

आईचा एक हात बाळाच्या पाठीमागून डोक्याला, दुसरा हात बाळाच्या गुडघ्यावर. घट्ट दाबायचं नाही, पण पाय झाडला तर सुई हलता कामा नये. बाळाचा खालचा हात आईच्या कुशीत, म्हणजे तो मध्ये येत नाही. गिळल्याचा आवाज यायला लागला की मला मान हलवून सांगायचं. मी "आता देते हं" एवढंच बोलते. सुई गेली की दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघायची जुनी रीत होती, ती आता करायची नसते, त्यात उगाच सुई आत जास्त वेळ राहते. टोचल्यावर चोळायचं नाही. कापूस नुसता धरून ठेवायचा.

आणि मग अर्धा तास तिथेच थांबायचं. थांबायचंच असतं, तर पाजत थांबा.

सोनचाफा

उपकेंद्र_ताई, मी धागा काढला पण धाग्यातला खरा माल तुमच्या पोस्टमध्ये आहे. डावी-उजवी बाजूचं तर मला सुचलंच नव्हतं.

टिकटिक

स्क्रीनशॉट काढून नवऱ्याला पाठवलाय. पायमोज्यांचं वाचून हसले, आमचं बाळ उन्हाळ्यातही पायमोजे घालतं, आजीचा हुकूम.

गवती_चहा

पोलिओचे थेंब दिल्यावर अर्धा तास दूध पाजायचं नाही असं आमच्याकडे एका दवाखान्यात ठामपणे सांगितलं. बाळ भुकेने रडत, वरून सुया. मग हे सगळं कसं जमवायचं?

उपकेंद्र_ताई

ते जुनं आहे. थेंबांनंतर लगेच पाजलं तरी चालतं, आम्हाला प्रशिक्षणात हेच शिकवतात. फक्त थेंब गिळू द्या.

कानटोपी_डॉक्टर

ताईंना अनुमोदन. आईच्या दुधातल्या प्रतिपिंडांमुळे तोंडावाटे दिलेली लस कमी लागू पडेल असा तर्क होता. रोटाव्हायरसच्या लसीबाबत तो दिल्लीत आणि दक्षिण आफ्रिकेत तपासून पाहिला गेला. लसीच्या आधी नि नंतर काही वेळ पाजणं थांबवून काही फायदा दिसला नाही. भुकेलं बाळ मात्र नक्की जास्त रडतं.

पणजीकार

आमचो प्रश्न थोडा वेगळा. (गोव्यातून लिहितोय, मराठी सांभाळून घ्या.) बायको नोकरीला, चवथ्या महिन्यापासून बाळ वरच्या दुधावर आहे आणि डोसला त्याला मी किंवा माझी आई नेते. म्हणजे आम्हाला हा उपाय बंद? आई म्हणते की टोचायच्या आधी मधाचं बोट चाटवू, पूर्वी तेच करायचे.

कानटोपी_डॉक्टर

मध नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको, त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते विष तयार करू शकतात. आजींना माझं नाव सांगा, शिव्या मी खाईन.

गोड द्रावणाचा उपयोग मात्र खराच होतो. परदेशात बऱ्याच ठिकाणी सुईच्या एकदोन मिनिटं आधी साखरेच्या पाण्याचे थोडे थेंब जिभेवर देतात. आपल्याकडे २५ टक्के डेक्स्ट्रोजवर काम झालंय. २०१३ मध्ये 'इंडियन पेडिअॅट्रिक्स'मध्ये पहिल्या डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) वेळची तुलना छापून आली होती. अंगावर पाजणं, डेक्स्ट्रोज आणि नुसतं पाणी असे तीन गट. पहिल्या दोन्ही गटांतली बाळं पाण्याच्या गटापेक्षा कमी रडली. पण हे घरी चमचा मोजून करू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते तिथेच देतील. ज्या बाळाला अंगावर पाजता येतंय त्याला साखरेची गरजच नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धरणं. बाळाला टेबलावर आडवं पाडून दोघांनी हातपाय दाबायचे ही पद्धत बंद करा. मांडीवर घ्या, छातीशी धरा, तुमचा आवाज ऐकू येऊ द्या. बाप असलात तरी चालतं हो.

पणजीकार

देव बरें करूं. मधाची बाटली लपवून ठेवतो.

मेपल_आणि_मोदक

टोरांटोहून. इथे सुईच्या आधी नर्सनेच विचारलं, "पाजतेस का आत्ता? मी थांबते." मला वाटलं ती बाहेर जाऊन थांबणार आहे. ती तिथेच खुर्ची ओढून बसली आणि लागू दे म्हणाली! या विषयावरचं बरंच काम याच शहरातल्या अॅना टॅडिओ या संशोधिकेच्या गटाने केलंय, कॅनडाच्या मार्गदर्शक सूचना त्यांच्याच पुढाकाराने २०१० मध्ये आल्या आणि २०१५ मध्ये सुधारून आल्या. ओटावातल्या मंडळींनी आईबापांसाठी छोटा व्हिडिओ केलाय, त्यात बाळं खरोखर अंगावर पीत असताना टोचतात आणि बरीचशी जेमतेम कुरकुरतात. तो बघूनच माझ्या नवऱ्याची भीती गेली.

एक मात्र सांगते. माझं पहिलं बाळ त्या वेळी अज्जिबात रडलं नाही आणि दुसऱ्याने पाजत असूनही दवाखाना डोक्यावर घेतला. तेव्हा बाळ रडलं म्हणून "मला जमलं नाही" असं घेऊन बसू नका.

स्पष्टवक्ता

ठीक आहे, पटतंय थोडं थोडं. पण मग "पेनलेस" लस का घेत नाही लोक? पैसे असतील त्यांनी तीच घ्यावी, प्रश्न मिटला.

कानटोपी_डॉक्टर

नाही मिटत. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा पूर्ण पेशींचा घटक असतो. महाग लसीत त्या जंतूचे निवडक शुद्ध केलेले भाग असतात. त्यामुळे नंतरचा ताप, सूज, मांडी दुखणं कमी होतं. सुई तीच, टोचतानाचं दुखणं जवळजवळ तेच. म्हणजे महाग लस घेतली तरी पाजायला पाहिजेच. आणि सरकारी लस घेतलेल्या बाळाला काही कमी संरक्षण मिळतं असंही नाही, हे इथे लिहून ठेवतो, कारण या गैरसमजावर बरेच पैसे जातात.

गवती_चहा

आणि आधीच पॅरासिटामॉल देऊन नेलं तर? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्या तेच सांगतात.

कानटोपी_डॉक्टर

आधी देऊ नका. सुई टोचतानाच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही, आणि लसीच्या आसपास ताप नसताना ते दिल्याने काही लसींची प्रतिपिंडं कमी तयार झाल्याचं २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासात दिसलं होतं. नंतर ताप आला, बाळ चिडचिड करतंय, तर वजनावर ठरवून डॉक्टर सांगतील तेवढंच. थेंबांच्या बाटलीत आणि सिरपच्या बाटलीत औषधाची तीव्रता वेगळी असते. सिरपचा डोस थेंबांच्या बाटलीतून मोजून देणारे पालक मी पाहिलेत. बाटलीवरचं वाचा.

काळीमैना

बीसीजीच्या (क्षयरोगाच्या लसीच्या) वेळी पण पाजता येतं का? माझं बाळंतपण दोन आठवड्यांवर आलंय.

उपकेंद्र_ताई

येतं की. जन्मल्यावर बीसीजी डाव्या दंडात, हिपॅटायटिस बी मांडीत आणि पोलिओचा शून्य डोस. बाळ पहिलंच असेल तर अजून नीट लागत नसतं, दूधही चीकच असतो. जमलं तर पाजा, नाही जमलं तर उघड्या छातीशी धरा. तेवढ्यानेही बाळ निवतं. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, वण राहतो. त्याला हळद, तेल, शेक काही करू नका. त्यातून येणाऱ्या पाण्याला घाबरू नका.

धांदरट_बाबा

बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती तयार आहे. सासूबाई म्हणाल्या, "पाजा बाई, पण मी बाहेर थांबणार."

एक अडचण उरते. आमचा दवाखाना भलताच गजबजलेला. डॉक्टरांच्या केबिनमध्ये टोचतात, तिथे पुढचा पेशंट आधीच आत येऊन उभा असतो.

सोनचाफा

अपॉइंटमेंट घेतानाच सांगा : "आम्हाला टोचताना पाजायचंय, पाच मिनिटं जास्त लागतील." तिथे पोचून सांगितलं की त्यांना घाई असते आणि आपल्याला संकोच. सकाळची पहिली किंवा अगदी शेवटची वेळ मागा. दरवाजा लोटून घ्या म्हणायला लाजू नका. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष केले, तर लसीच्या खोलीत एक पडदा लावायला कोण नाही म्हणेल? बायकोने ओढणी किंवा पुढून उघडणारा कुर्ता घालावा आणि पुढच्या पेशंटला बाहेर काढायचं काम तुमचं. तुम्ही सोबत जाताय ते त्यासाठीच.

जुनी_पिढी

हे शेवटचं वाक्य छापून दवाखान्यात लावा.

आंबट_गोड

उशिरा आले. माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, गोवर-रुबेलाचा दुसरा आणि डीपीटीचा बूस्टर राहिलाय. अजून रात्री अंगावर पितो. त्याला या वयात उपयोग होईल का? दवाखान्याचं दार दिसलं तरी भोकाड पसरतो आता.

कानटोपी_डॉक्टर

अभ्यास मुख्यतः वर्षाच्या आतल्या बाळांचे आहेत. पण तो पीत असेल तर द्यायला हरकत काहीच नाही, त्याला शांत वाटेल ते करा. या वयात बसवून धरणं आणि लक्ष वळवणं जास्त कामाला येतं. आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून मिठीत, पाय तुमच्या दोन्ही बाजूंना. साबणाचे फुगे, मोबाइलवरचं आवडतं गाणं, खिडकीतली गाय, जे चालेल ते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे "काही दुखणार नाही हं" असं सांगू नका. दुखतं, आणि मग तो तुमच्यावर पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही. "टोचेल, मी धरून बसलेय" एवढं पुरे. दोन सुयांमध्ये जास्त झोंबणारी शेवटी द्यायला सांगा.

उपकेंद्र_ताई

आणि घरातल्या मोठ्यांना एक सांगा. "जेवला नाहीस तर सिस्टर सुई टोचेल" हे बंद करा. वर्षभर माझ्या नावाने घाबरवून ठेवायचं आणि मग सत्राच्या दिवशी मला बघून पोर अंगणवाडीच्या मागच्या दाराने पळालं की माझ्याकडेच बघायचं. त्या पोराला पकडायला मागच्या खेपेला सरपंच धावले होते.

आंबट_गोड

आमच्याकडे हे वाक्य रोज आजोबा म्हणतात. आज संध्याकाळीच बोलते त्यांच्याशी.